झडती

"ओला आहे," बाळाच्या लंगोटाला हात लावून सासू म्हणाली.

"आत्ताच बदलला, आई."

"आत्ता म्हणजे कधी?"

"तुम्ही चहा ठेवत होता ना, तेव्हा."

सासूने हात काढला नाही आणि लंगोटाकडे बघितलंही नाही. ती सुनेच्या तोंडाकडे बघत होती. सुनेने नजर खाली घातली, मग उगाचच पलंगावरची चादर सारखी केली. सासूने मनातल्या मनात त्याची नोंद घेतली.

हात खाली आणि डोळे वर, ही तिची जुनी सवय. तयार कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर तिने उभी हयात अशीच काढली होती. कामाची पाळी सुटली की बायका रांगेने यायच्या, हात पसरून तिच्यासमोर उभ्या राहायच्या. तिचे हात त्यांच्या काखेतून, कमरेवरून, पोटावरून फिरायचे आणि डोळे मात्र तोंडावर खिळलेले असायचे. रीळ कुठे दडवलंय ते रीळ सांगत नाही, बाईचं तोंड सांगतं, असं ती नव्या तपासनीस पोरींना शिकवायची. बटणं, चेनी, लेस, एकदा तर अंगातल्या कपड्यांच्या आत घातलेला लहान मुलीचा अख्खा फ्रॉक तिने असा तोंड बघून पकडला होता. कारखान्यात तिला 'एक्स-रे' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

एक्स-रे कधी चुकला नाही असं नाही. काजं करणारी एक बाई एकदा फाटकावर अशी घामाघूम झाली होती, की तिच्या कपड्यांत निदान अर्धा कारखाना असणार. तिची झडती घेतली, परत घेतली, मग आतल्या खोलीत नेऊन कपडे उतरवायला लावले. काही निघालं नाही. नंतर कळलं, की बाई तापलेलं पोर घरात कोंडून कामाला आली होती आणि तिचा जीव घराकडे लागला होता. "मग तोंड तसं कशाला करायचं?" असं म्हणून एक्स-रेने तो विषय मिटवून टाकला.

नोकरी संपली आणि ती मुलाच्या घरी राहायला आली. घर दोन खोल्यांचं. आल्या दिवसापासून तिथे कुणी तिच्या नकळत काही करू शकत नव्हतं. दुधाचं पातेलं किती रिकामं झालं, बाहेरून येताना मुलाने पिशवीतून काय आणलं, सून फोनवर बोलताना आवाज कधी खाली गेला, सगळ्यावर तिची नजर. त्यात दुष्टपणा नव्हता हो. सुतार दुसऱ्याच्या घरी गेला तरी आधी दाराच्या बिजागऱ्या बघतो, तसंच हे. पण बिजागरीला त्याचं काही वाटत नाही, माणसाला वाटतं.

मग बाळ झालं. सुनेच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यामुळे बाळंतपण सासूकडेच आलं. नातवाला तिने पहिल्याच दिवशी 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. कारण पोर हुबेहूब कारखान्याच्या साहेबासारखं होतं. काम काही नाही, नुसतं ओरडायचं आणि सगळ्यांनी धावायचं. साहेबावर तिचा जीव होता. आणि म्हणूनच तिला शंका यायला लागली होती. साहेब वाढत नव्हता. आंघोळीला घेतला की हाताला हलका लागायचा. दूध ओढता ओढता दमून झोपायचा, मधूनच ओकायचा, कुंथून लाल व्हायचा. आणि जेव्हा बघावं तेव्हा ओला.

पोर ओलं राहतं याचा अर्थ आई लंगोट बदलत नाही. इथवर कुणीही येईल. पण सून दर वेळी म्हणायची, आत्ताच बदलला. कुठेतरी पाणी मुरतंय, असं सासूने ठरवलं आणि पिशवीतून खडू काढला.

कापडावर खुणा करायचा तो शिंप्यांचा चपटा खडू. कारखान्यातलाच. तो तिच्या पिशवीत कसा आला हे तिला कधी कुणी विचारलं नाही, कारण तपासनीस बाईची झडती घ्यायला फाटकावर कुणी नव्हतं. सुनेच्या नकळत तिने साहेबाच्या लंगोटाच्या कोपऱ्यावर बारीक खूण केली. काही वेळाने बघितलं तर खूण नाही, लंगोट दुसरा. पुन्हा खूण केली, पुन्हा लंगोट दुसरा. दिवसभर तिने असा पहारा केला. सून खरं बोलत होती. लंगोट बदलला जात होता आणि बदलल्याबरोबर पुन्हा दमट होत होता.

दुसरं कुणी असतं तर खजील झालं असतं. ही झाली नाही. माल सापडला नाही म्हणजे चोर हुशार आहे, एवढाच अर्थ तिने काढला. मात्र ते लंगोट धुवायला घेताना एक गोष्ट तिच्या हाताला जाणवली होती. सगळे दमट होते, पण चिंब भिजलेला त्यांत एकही नव्हता. तिने त्यावरून हिशेब मांडला, की पोराच्या पोटात दूधच जात नसणार. म्हणजे सून त्याला पोटभर पाजत नाही. किंवा पाणी पाजून झोपवते. लंगोटाचा गुन्हा सिद्ध झाला नाही, तर तिने दुसरा लावला.

त्यातच तिने दाराआडून बोलणं ऐकलं. म्हणजे मुद्दाम ऐकलं नाही, दाराशी केर काढत होती. एवढंच, की तिथला केर आधीच काढून झाला होता.

"आईंना काही बोलू नकोस," सून म्हणत होती.

"मी कशाला बोलू? आणि आता आहे ना सगळं नीट?"

"नीट आहे असं मला वाटतं रे. पण वजन..."

"वाढेल वजन. लस द्यायला जाऊ तेव्हा विचारू. आईसमोर नको."

सासू केरसुणी धरून तिथेच उभी राहिली. एकच गोष्ट तिच्या डोक्यात आली, आणि तिच्या वयाच्या बाईच्या डोक्यात तीच येते. हे दोघं वेगळं घर बघतायत. बाळ जरा मोठं झालं की आपल्याला इथे ठेवून निघून जाणार. संध्याकाळी तिने मुलाला गाठलं.

"काय लपवताय माझ्यापासून?"

"कुठे काय?" मुलगा म्हणाला आणि त्याने कान खाजवला. खोटं बोलताना तो शाळेत असल्यापासून कान खाजवायचा.

"मग कान कशाला खाजवतोस?"

"कान खाजवायचा पण नाही का आता या घरात?" तो चिडून उठून गेला. खाई त्याला खवखवे, असं म्हणत ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

लसीच्या दिवशी तिघंही दवाखान्यात गेले. ती बरोबर येणार असं कुणी ठरवलं नव्हतं, पण ती चपला घालून आधीच दारात उभी होती. मुलांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला तुटक आणि हाताने हळुवार. साहेबाला काट्यावर ठेवून त्यांनी भुवया वर केल्या.

"वजन अजिबात वाढलेलं नाही. दूध ओढतो का?"

"ओढतो, पण लगेच दमतो," सून म्हणाली.

"लघवी?"

"भरपूर," मुलगा कौतुकाने म्हणाला. "सारखा ओलाच असतो. लंगोट बदलून बदलून जीव जातो आमचा."

"ओला असतो ते कळलं. मी विचारतेय, धार कशी आहे?" बाईंनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "मुलगा आहे. धार लांब जायला हवी. थेंब थेंब गळत असेल, करताना कुंथत असेल, तर ते मला कळायला पाहिजे. कुणी डोळ्यांनी बघितलंय का?"

मुलाचा हात कानाकडे गेला. सासूने त्या वेळी सुनेकडे बघितलं. सुनेच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"मी बघितलंय," सून म्हणाली. "चांगली आहे."

डॉक्टरबाईंनी पोटावर हात ठेवला, तर साहेबाने असा टाहो फोडला, की पोट दगडासारखं ताठ झालं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, पुन्हा हात ठेवला, पुन्हा तेच. "रडताना काही कळत नाही. आज घरी लंगोट सोडून ठेवा, नीट बघा आणि उद्या मला फोन करा. जरा जरी शंका आली तर फोन नको, थेट घेऊन या. आणि लंगोट जो बदलतो, त्यानेच बघायचं. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने सांगायचं असं नको."

दुसऱ्या दिवशी सुनेने खिडकीपाशी उभं राहून फोन लावला. सासू हातात टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिला तो टॉवेल कुठे ठेवायचा नव्हता.

"हो डॉक्टर. बघितलं. नीट आहे," सून म्हणाली. तिचा दुसरा हात गजाला घट्ट धरून होता.

खोटं बोलतेय. एक्स-रेला ते लख्ख दिसलं. जन्मभराचा अनुभव पणाला लावून ती सांगू शकली असती, की ही बाई आत्ता खोटं बोलली. आणि ते खरंच होतं. पण खोटं कशाबद्दलचं ते तिला दिसलं नाही. तिने गृहीत धरलं, की डॉक्टरांनी दुधाबद्दल विचारलं असणार. धार हा शब्द ती दवाखान्यातच विसरून आली होती. तिथे ती सुनेचं तोंड वाचण्यात इतकी गुंतली होती, की डॉक्टरबाई काय म्हणाल्या त्याकडे तिचं लक्षच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते काही उगाच नाही.

त्यानंतर साहेब गप्प व्हायला लागला. ओरडायचा तो कण्हायला लागला. सासूचा संशय आता रागावर गेला होता. सून आंघोळीला गेली की ती तिच्या उशाखाली बघायची, औषधाची बाटली सापडते का, झोपेचं काही पाजते का. काही सापडायचं नाही. मुलगा सकाळी कामावर जायचा तो संध्याकाळी यायचा, तोवर या दोघी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एकमेकींना चुकवत फिरायच्या.

एका दुपारी सुनेचा जेवता जेवता डोळा लागला. बसल्या जागी भिंतीला डोकं टेकून ती झोपली. सासूने साहेबाला उचललं आणि मोरीत नेऊन पायांवर घेतलं. आज तिला सावकाश, कुणी आड न येता त्याला तपासायचं होतं. कुठे चिमटा काढल्याची खूण आहे का, पडल्याची सूज आहे का. इतक्या थराला ती आली होती.

कोमट पाणी, साबणाचा हात. मान, काखा, छाती. हात आपल्या वाटेने खाली चालले होते आणि डोळे सवयीने साहेबाच्या तोंडावर होते. तोंड आक्रसलं. भुवया जवळ आल्या, ओठ मुडपले आणि पोर कुंथायला लागलं. त्याच वेळी बेंबीच्या खाली तिच्या बोटांना काहीतरी लागलं.

बोटं थांबली. आत काहीतरी होतं. गोल, टणक, लिंबाएवढं, कातड्याखाली नीट बसवून ठेवल्यासारखं. फाटकावर असं लागलं, की तिचा श्वास एक क्षण थांबायचा आणि मग ती म्हणायची, काढ बाहेर. तिचा श्वास आताही थांबला. पण समोर कुणी बाई नव्हती. साहेब होता, आणि त्याच्या तोंडावर चोरी नव्हती. ते नुसतं कळवळलेलं पोराचं तोंड होतं.

आणि मग तिने डोळे खाली केले.

पोर जिवाच्या आकांताने जोर करत होतं आणि बाहेर येत होता एक थेंब. मग दुसरा. मांडीवरून ओघळून खाली जाणारा. धार नव्हतीच. तिच्या स्वतःच्या मुलाने तान्हा असताना भिंतीवरचं कॅलेंडर भिजवलं होतं. त्याला तपासायला आलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या चष्म्यापर्यंत मजल मारली होती, आणि डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले होते, पोरगा पाणीपुरवठा खात्यात जाणार. इतकी वर्षं ती ही गोष्ट सगळ्यांना हसत हसत सांगत आली होती. मुलग्याची धार कशी असते हे या घरात एकट्या तिला माहीत होतं. आणि तिनेच आजवर खाली बघितलं नव्हतं.

"सूनबाई!"

सून धडपडत उठून आली. सासूच्या तोंडून पहिलं वाक्य जे बाहेर पडलं ते तिच्या धंद्याचंच होतं. "काय आहे याच्या पोटात? काय केलंस?"

"मी काही नाही केलं," सून म्हणाली. तिने मोरीच्या ओल्या फरशीवर बसून साहेबाच्या पोटाला हात लावला. "मी काही नाही केलं हो आई. मला वाटलं, गेलं असेल ते."

काय गेलं असेल, हे सासूने विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने समोर आलेला प्रश्न विचारला नाही. तिने साहेबाला टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाली, "ऊठ. चप्पल घाल."

डॉक्टरबाईंनी त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात नेलं. मुलगाही कामावरून तिथेच आला. टेबलावर साहेब रडायच्याही पलीकडे गेला होता, त्यामुळे या वेळी पोट मऊ होतं आणि डॉक्टरांच्या हाताला ते लिंबू लगेच लागलं.

"ही गाठ नाही. मूत्राशय आहे, तुडुंब भरलेलं," बाई म्हणाल्या. त्यांनी अगदी बारीक नळी आत सरकवली. नळीतून लघवी यायला लागली ती थांबेचना. एवढ्याशा जिवात इतकं पाणी होतं. सगळे बघत राहिले. हळूहळू पोट खाली बसलं, साहेबाच्या भुवया सुटल्या आणि तो झोपला.

"पण मग सारखा ओला कसा असायचा?" मुलाने विचारलं.

"टाकी भरून वाहायला लागली की खालची जमीन ओलीच राहते. म्हणून नळ चालू आहे असं होत नाही. याच्या लघवीच्या वाटेत जन्मापासून एक पातळ पडदा आहे. मुलग्यांमध्ये असतो असा कधी कधी. लघवी बाहेर पडायला वाट नाही, मग ती मागे फिरते आणि किडन्यांवर दाब येतो. वरचं थोडंसं गळतं, तेवढं तुम्हाला दिसत होतं." बाईंनी हातमोजे काढले. "त्या दिवशी मीही त्याला शांत होईपर्यंत दवाखान्यातच थांबवून घ्यायला हवं होतं. पण मला एक सांगा. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं?"

सून साहेबाकडे बघत होती. "दिसलं होतं. बाळाच्या किडन्या फुगल्यासारख्या वाटतायत म्हणाले होते. जन्मल्यावर लगेच परत सोनोग्राफी करून घ्या म्हणाले होते."

"मग का नाही केली?"

या वेळी मुलाचा हात कानाकडे गेला नाही. सासूने दोघांची तोंडं बघितली. दोन्हींवर एकच गोष्ट लिहिलेली होती आणि ती चोरी नव्हती. भीती होती. अशी भीती तिने फाटकावर शेकडो तोंडांवर बघितली होती आणि दर वेळी तिला वाटायचं, ही पकडले जाण्याची भीती आहे. ती तपासणाऱ्या बाईचीही असू शकते, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

"आजी, तुमचा काय संबंध यात?"

"मी घरी असते ना, म्हणून."

डॉक्टरबाईंना काही समजलं नाही. त्या साहेबाच्या रक्ताचे नमुने घ्यायला वळल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर सून म्हणाली, "तुम्ही म्हणाला असता, तुझ्या माहेरचं दुखणं आलं. काय खाल्लंस, काय उचललंस, कुणाला विचारून केलंस. मला त्या दिवसांत ते सोसलं नसतं."

"म्हणाले असते," सासू म्हणाली.

"जन्मल्यावर सोनोग्राफीला निघालो असतो, तर कशाला म्हणून विचारलं असतं तुम्ही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. तो ओला व्हायचा, मला वाटायचं, होतंय की नीट. धार एवढीच असते असं वाटलं मला. मी कुठे दुसरं पोर बघितलंय? आणि फोन केला त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या होता. तुमच्यासमोर नीट नाही म्हणायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं." ती सासूकडे वळली. "मी आई आहे त्याची. तुम्हाला घाबरून मी त्याच्याबद्दल खोटं बोलले."

मग मला सांगायचं होतंस, मी काही तुला खाल्लं असतं का, असं वाक्य सासूच्या ओठांवर आलं होतं. त्याच्या मागोमाग काजं करणारी ती बाई आली, आतल्या खोलीत उघडी उभी असलेली, घाम पुसायलाही हात खाली न घेणारी. सासूने वाक्य गिळलं. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. लपवायचं कुणापासून?

दुर्बिणीतून पडदा काढला. ऑपरेशन चांगलं झालं. पण एक किडनी फार दिवस दाबाखाली राहिली होती, तिच्यावर आता भरवसा ठेवता येणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. दुसरी काम करतेय. जन्मभर लक्ष ठेवावं लागेल. लघवीची धार, ताप, वजन, यातलं काही म्हणजे काही गृहीत धरायचं नाही. जन्मल्या जन्मल्या आणलं असतं तर ती वाचली असती का, असं मुलाने विचारलं. बाई म्हणाल्या, "कदाचित. ते आता उगाळू नका." उगाळू नका असं सांगितल्यामुळे जे उगाळलं जायचं थांबतं, असं काही जगात नाही.

ते दिवस सासू रोज डबा घेऊन रुग्णालयात जायची. तिथे फाटकावर एक तपासनीस मुलगी होती. बायकांच्या पिशव्या बघायची, अंगावरून हात फिरवायची. तिचं सगळं लक्ष शेजारच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारण्यात असायचं. पहिल्या दिवशी सासू तिच्यासमोर उभी राहिली आणि काय करायचं ते तिला समजेना.

"आजी, हात वर करा ना," मुलगी म्हणाली.

सासूने हात पसरले. परका हात काखेतून कमरेकडे गेला. काही नव्हतं तिच्याजवळ, डब्यात वरण, भात आणि पिशवीत धुतलेले लंगोट. तरी तिचं तोंड गरम झालं. इतकी साधी गोष्ट तिला या वयात कळली, की काही नसतानाही तोंड तसं होतं.

"जा," मुलगी म्हणाली. ते ऐकून ती पुढे निघाली, तेव्हा तिला आठवलं, की झडती संपली की आपणही बायकांना एवढंच म्हणायचो.

साहेब घरी आला. वजन धरायला लागला, ओरडायला लागला. त्याच्या गोऱ्या पोटावर आता काही टणक लागत नव्हतं. पण घर बदललं होतं. दुधाने तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितं, तशी सून झाली होती. नवऱ्याने बदललेला लंगोट ती पुन्हा सोडून बघायची. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं औषध दुकानातून आलं, की बाटली उजेडात धरून वाचायची. रात्रीच्या झोपेतून उठून त्याच्या पोटावर दोन बोटं ठेवायची. कुणी हसलं तर हसायची नाही. सासूचा खडू एके दिवशी कपाटाखाली सापडला, तर तिने तो काही न बोलता कचऱ्यात टाकला. सासूने ते बघितलं.

काल सकाळची गोष्ट. सून ओट्यापाशी होती. सासू साहेबाला पलंगावर घेऊन बसली होती. लंगोट सोडला आणि साहेबाने एकदम हवेत कमान काढली. चांगली लांब. चादर ओलांडून खाली फरशीवर. सासूच्या एका बाहीवरही थोडी आली. कितीतरी दिवसांनी ती मोकळं हसली.

"अगं, धार आली. केवढी लांब, बघ," ती ओरडली.

सून आली. तिने फरशीकडे बघितलं, चादरीकडे बघितलं. मग ओट्यावर जाऊन हात धुतले, पुसले आणि परत येऊन साहेबाच्या बेंबीखाली दोन बोटं दाबली. इकडे एकदा, तिकडे एकदा. बोटं तिथेच होती आणि तिने मान वर केली. ती सासूच्या तोंडाकडे बघायला लागली. खरं सांगतायत का, पहिली धार होती की गळून गेल्यावरची, काही राहिलंय का सांगायचं. तिने यातलं एक अक्षर विचारलं नाही. नुसती बघत राहिली.

सासूला ती नजर ओळखू आली. तिला राग आला नाही. तिचे हात आपोआप अंगापासून थोडे दूर झाले, ओली बाही तशीच, आणि ती पलंगापाशी सरळ उभी राहिली. कुठे हलली नाही, मान वळवली नाही.

सुनेने बोटं काढली. लंगोट बांधला, साहेबाला खांद्यावर घेतलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. जा, असं काही ती म्हणाली नाही. सासू वाट बघत उभी होती.